आकांडतांडवाची तीन मिनिटे



जांब समर्थ हे जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील गाव. १६०८ साली रामनवमीला ठोसरांच्या घरी जन्मलेला नारायण हाच पुढे समर्थ रामदास म्हणून ओळखला गेला, हे आपणांस ठाऊकच आहे. त्याच्या बालपणीची एक कथा गावातल्या आजीबाई नातवंडांना अजून सांगतात. नारायण भारी हूड. झाडावर चढावे, रानात भटकावे, घरच्या कामाकडे ढुंकूनही पाहू नये. एके दिवशी आई राणूबाई रागावल्या. मुलगा काही न बोलता उठला आणि घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसला. सर्वत्र शोधाशोध झाली. अखेर तो सापडला, तेव्हा येथे काय करतोस असे विचारताच, आपण विश्वाची चिंता करीत आहोत असे उत्तर त्याने दिले. कथा परंपरेची आहे. तिला इतिहासाची कसोटी लावण्याचे प्रयोजन नाही.

या कथेतील विश्वचिंतेवर कीर्तनकार तासभर बोलतात. मला मात्र तिच्यातील आधीची घटना अधिक मोलाची वाटते. बोलणे खाल्लेला मुलगा स्वतःहून उठतो, एकांतात बसतो आणि मन ठिकाणावर आल्यावर आईला उत्तर देतो. कथेतला नारायण जाणता आहे, म्हणून त्याला हे साधले. तीन वर्षांच्या लेकराला ते साधत नाही. त्याचा राग भर ओसरीवर, पाहुण्यांसमोर, हातातली वाटी भिरकावून आणि जमिनीवर लोळण घेऊनच बाहेर पडतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : नारायण अंधाऱ्या कोपऱ्यात स्वतः गेला होता, त्याला कोणी कोंडले नव्हते. आपल्याकडे मात्र हट्टी मुलाला अंधाऱ्या खोलीत कोंडण्याची आणि बागुलबुवाची भीती घालण्याची चाल अद्याप गेलेली नाही.

हा विषय निघाला तो एका भगिनींच्या पत्रामुळे. एकत्र कुटुंब, घरात आठ माणसे, साडेतीन वर्षांचा मुलगा. ‘नाही’ हा शब्द ऐकला की तो आईला मारतो, चावतो, धाकट्या बहिणीचे केस ओढतो. एका समारंभात त्याने आईच्या तोंडावर चापट मारली. चार बायका हसल्या, आजेसासूबाई म्हणाल्या, ‘सूनबाई, तुमचा धाक नाही म्हणून हे.’ पत्रात पुढे एकच वाक्य होते : मुलाची भीती वाटत नाही, त्या हसण्याची वाटते. हे वाक्य मला दोनदा वाचावे लागले. आकांडतांडव मूल करते, पण निकाल लागतो तो आईचा; आणि तोही बहुधा ज्यांनी त्या दिवशी मुलाला दुपारी झोपू दिले नाही त्यांच्याकडूनच.

तेव्हा प्रथम आईवरील आरोपाचा विचार करू. मॉन्ट्रियल येथील संशोधक रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी मुलांच्या आक्रमकतेचा अनेक वर्षे माग काढला. मारणे, ढकलणे, चावणे यांचे प्रमाण माणसाच्या आयुष्यात सर्वांत अधिक असते ते तारुण्यात नव्हे, तर दोन ते चार वर्षांच्या वयात, आणि त्यानंतर बहुतेक मुलांत ते उतरत जाते, असे त्यांना आढळले. म्हणजे मूल मारायला कोणाकडून शिकते हा प्रश्नच काहीसा उलटा आहे. मारणे त्याला जन्मतःच येते. न मारणे त्याला हळूहळू शिकावे लागते. आवेग आवरण्याचे काम मेंदूच्या पुढच्या भागाकडे असते आणि तो भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत परिपक्व होत राहतो. इच्छा मोठ्या माणसाएवढी, शब्द तोकडे आणि लगाम अजून तयार व्हायचा, अशी साडेतीन वर्षांच्या मुलाची अवस्था असते. त्याला ‘मुद्दाम करतो’ असे म्हणणे म्हणजे ज्याचे खातेच उघडलेले नाही त्याला शिल्लक कमी असल्याची नोटीस धाडण्यासारखे आहे. (चाळीस वर्षांच्या बँकेतील नोकरीची ही भाषा सुटत नाही, क्षमा असावी.)

आता प्रत्यक्ष त्या क्षणाकडे येऊ. अमेरिकेतील मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी २००३ साली दीड ते पाच वर्षे वयाच्या ३३५ मुलांच्या आकांडतांडवाची वर्णने त्यांच्या पालकांकडून लिहून घेतली आणि त्यांची छाननी केली. त्यांना दिसले ते असे. या प्रकारात एक नव्हे, दोन प्रवाह वाहत असतात, एक रागाचा आणि दुसरा दुःखाचा. किंचाळणे, लाथा झाडणे, मारणे, अंग ताठ करणे हा राग. तो आरंभीच झपाट्याने शिगेला पोहोचतो आणि मग ओसरतो. रडणे, कुरकुरणे, कुशीत शिरू पाहणे हे दुःख. ते आरंभापासून असते, पण राग उतरू लागला की तेच वर येते. आणि निम्म्या घटना तीन मिनिटांच्या आतच संपलेल्या होत्या.

तीन मिनिटे! ज्याच्या घरात हे चालते त्याला तो अर्धा तास वाटतो. घड्याळ पाहून खात्री करावी. आमच्या भागात मूल असे बिथरले की आजी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढते. ओवाळून झाले, चुलीत टाकून झाले, की मूल शांत झालेले असते आणि दृष्टीचा प्रत्यय येतो. दृष्ट होती की नव्हती या वादात मी शिरत नाही. पण मीठ-मोहऱ्या शोधून, सात वेळा ओवाळून चुलीपर्यंत जायला तीन मिनिटे सहज लागतात, आणि तेवढा वेळ आजी लेकराला ना रागावते, ना समजावते, ना काही देते. नुसती जवळ असते.

दोन प्रवाहांची ही गोष्ट समजली की पुढचे वागणे आपोआप ठरते. राग शिगेला असताना मुलाला समजावणे व्यर्थ आहे. शब्द त्याच्या कानापर्यंत जातात, पण त्यांचा अर्थ लावायला त्या वेळी आत कोणी नसते. उलट प्रत्येक प्रश्न म्हणजे विझू पाहणाऱ्या चुलीत घातलेली आणखी एक काडी. ‘काय झालं? असं का करतोस? कोण शहाणं बाळ आहे?’ यातले काहीही त्या मिनिटात विचारू नये. हाताशी असलेली फेकण्याजोगी वस्तू उचलावी, धाकट्या भावंडाला दुसऱ्या कोणी खोलीबाहेर न्यावे. मूल मारायला धावले तर त्याच्या उंचीला बसून त्याचे मनगट धरावे; आवळायचे नाही, फक्त हात पोहोचणार नाही इतके. आणि एकच वाक्य, सपाट आवाजात : ‘राग आलाय तुला. मारू देणार नाही.’ हे एकदा सांगून झाले की गप्प राहावे. नजर रोखू नये, हसू तर मुळीच नये. मोबाइलवर चित्रफीत काढून कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर धाडण्याची जी नवी रीत निघाली आहे, तिच्याइतकी क्रूर करमणूक मी पाहिलेली नाही.

मग रडण्याचा सूर बदलतो. ज्यांनी एकदा कान देऊन ऐकले त्यांना तो बदल बिनचूक कळतो. धारदार किंचाळी संपते, हुंदका सुरू होतो. आता जवळ घ्यावे. पाणी पाजावे, पाठीवरून हात फिरवावा. जवळ घेणे म्हणजे शरण जाणे नव्हे. ज्या गोष्टीसाठी हा सारा थयथयाट झाला ती गोष्ट द्यायची नाही, एवढे पाळले म्हणजे पुरे. पुष्कळ घरांत नेमके उलटे घडते : वस्तू देतात आणि माया रोखून धरतात. ‘घे तो मोबाइल, पण आता माझ्याशी बोलू नकोस.’ मुलाला नको असलेला दंड आणि नको तेच बक्षीस, दोन्ही एकाच वाक्यात.

बक्षिसाचा मुद्दा मात्र विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण एकत्र कुटुंबाची खरी परीक्षा तेथे आहे. १९५९ साली अमेरिकेत कार्ल विल्यम्स यांनी एकाच मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. एकवीस महिन्यांचा मुलगा. पहिल्या दीड वर्षात बराच आजारी होता, म्हणून साहजिकच सर्वांनी त्याला जपलेले. बरा झाला तरी रात्री झोपवून कोणी खोलीबाहेर पडले की तो आकांत करी, आणि तो झोपेपर्यंत दोन-दोन तास कोणी तरी जवळ बसून राही. वैद्यकीय दृष्ट्या तो ठणठणीत असल्याची खात्री करून पालकांनी ठरवले की प्रेमाने झोपवायचे, बाहेर यायचे आणि परत जायचे नाही. पहिल्या रात्री तो पंचेचाळीस मिनिटे रडला. दहाव्या खेपेपर्यंत रडणे थांबून तो हसू लागला होता. आठवडाभराने एके रात्री मावशी की आत्या, त्यांच्या भाषेत दोहोंना एकच शब्द, त्याला झोपवायला गेली. तो थोडासा रडला, तिला दया आली, ती परत आत गेली आणि तो झोपेपर्यंत बसली. एवढ्या एका रात्रीने सारे पुन्हा पहिल्या जागी आले. पालकांना सर्व पुन्हा आरंभापासून करावे लागले, आणि तेव्हाही तो पुन्हा सुधारला.

एकवीस महिन्यांच्या बाळाला बंद खोलीत रडत ठेवण्याची शिफारस मी करीत नाही. रागाने स्वतःचे डोके आपटणाऱ्या किंवा वस्तू फेकणाऱ्या मुलाला तर एकटे सोडूच नये. मला सांगायची आहे ती मावशीची गोष्ट. आपल्या घरात अशा मावश्या किती असतात ते मोजून पाहावे. आईने चॉकलेट नाकारले. आजोबांच्या खिशात ते असतेच. वडिलांनी मोबाइल काढून घेतला. काकांनी ‘राहू दे, पोर आहे’ म्हणून स्वतःचा दिला. दहापैकी नऊ वेळा ‘नाही’ राहिले आणि दहाव्या वेळी रडण्यापुढे ते ‘हो’ झाले, तर मूल शिकते ते दहाव्या वेळचे. वर्तनशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर दाखवून दिले आहे की प्रत्येक वेळी मिळणाऱ्या दाण्यापेक्षा अधूनमधून मिळणारा दाणा सवय अधिक घट्ट करतो. बँकेच्या काउंटरवर हे आम्ही रोज पाहत असू. जो ग्राहक टेबलावर मूठ आपटतो त्याचे पासबुक आधी भरून दिले, की पुढच्या सोमवारी रांगेत मुठी आपटणारे चार जण असतात.

म्हणून ज्येष्ठांना माझे सांगणे असे की सुनेचा निर्णय पटला नाही तर तो मुलासमोर फिरवू नये. रात्री मूल झोपल्यावर खुशाल वाद घालावा. आईने संध्याकाळी कार्टून नको म्हटले असेल आणि आजोबांना ते फार कडक वाटले, तरी त्या संध्याकाळपुरते ते ‘नको’ आजोबांचेही असले पाहिजे. यात सुनेची बाजू घेणे नाही. सर्व मोठ्यांचा एकच शब्द आहे हे कळले की मुलाला फार हायसे वाटते. पाच जणांच्या पाच भिंती ढकलून पाहण्याचे त्याचे श्रम वाचतात.

‘एक धपाटा घातला की झाले’ असे म्हणणारे वाचकही असतील. धपाट्याने मूल त्या क्षणी थांबते, हे खरे आहे. पण एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ साली ७५ अभ्यासांतील एक लाख साठ हजारांहून अधिक मुलांची माहिती एकत्र केली, तेव्हा धपाटे खाणाऱ्या मुलांत आक्रमकता कमी नव्हे, अधिक आढळली. हे कळायला संशोधन तरी कशाला हवे? ‘बहिणीला मारायचे नाही’ हे आपण मुलाला मारून सांगतो, तेव्हा ते आपल्या शब्दांकडे पाहते की आपल्या हाताकडे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलावर हात उगारण्यास मनाई केली. घराला तो कायदा लागू नाही, एवढाच काय तो फरक.

मोबाइलविषयीही दोन शब्द. रडणाऱ्या मुलाच्या हाती तो दिला की घर पाच सेकंदांत शांत होते, हे कोण नाकारील? पण २०२२ साली जेनी रॅडेस्की आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या ४२२ कुटुंबांचा काही महिने पाठपुरावा केला. मुलाला शांत करण्यासाठी वारंवार मोबाइल देणाऱ्या घरांत, विशेषतः मुलग्यांच्या बाबतीत, भावनांचा भडका पुढे वाढलेला दिसला. स्वतःला सावरण्याचा सराव जेव्हा व्हायचा तेव्हाच पडदा पुढे येतो. मग सराव होणार कधी? भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्ला सरळ आहे : दोन वर्षांखाली पडदा नाही, दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासाहून अधिक नाही, आणि तोही मोठे माणूस शेजारी असताना.

आग लागल्यावर काय करावे हे झाले. ती मुळात का लागते हे पाहणे अधिक फायद्याचे. मिनेसोटा विद्यापीठातील फ्लॉरेन्स गुडएनफ यांनी १९३१ साली ४५ मुलांच्या पालकांना रोज टिपणे ठेवायला सांगितले. त्या टिपणांतून मुलांचे रागाचे प्रसंग जेवणाच्या थोडे आधी, थकवा आलेला असताना आणि बारीकसारीक आजारपणात वाढतात असे निघाले. अर्थात भूक, झोप आणि दुखणे. इतकी साधी कारणे असतात म्हणूनच ती सुटतात. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या आपल्या घरांना यातली एक सोय आपसूक लाभली आहे. पण मोठ्यांचे जेवण लवकर आणि लेकरू मात्र अंगणातल्या खेळामागे साडेआठपर्यंत उपाशी, असे होत असेल तर ती सोय फुकट गेली म्हणायची. रामनवमीला गावी आलेली शहरातली मुले दुपारी भर चैत्रातल्या उन्हात दर्शनाच्या गर्दीत रडताना दिसतात. पहाटे चारला उठवून प्रवास, पाहुण्यांनी दहादा कडेवर घेतलेले, दुपारची झोप नाही, आणि समोर फुग्यांचे, खेळण्यांचे दुकान. तेथे लोळण घेतली नाही तरच नवल!

दुसरे एक कारण मारिया मॉन्टेसरी यांनी ‘द सीक्रेट ऑफ चाइल्डहुड’ या ग्रंथात फार सुरेख सांगितले आहे. एक आई दीड वर्षाच्या मुलाला घेऊन काही मंडळींबरोबर जात होती. वाटेत उकडले म्हणून तिने कोट काढून हातावर घेतला. मूल रडू लागले आणि काही केल्या थांबेना. कडेवर घेतले, समजावले, व्यर्थ. मॉन्टेसरींनी आईला कोट पुन्हा अंगात घालायला सांगितले आणि मूल एकदम शांत झाले. कोट अंगात असतो, हातावर नसतो. मुलाच्या जगाची घडी विसकटली होती, एवढेच. मोठ्यांना जो निव्वळ हट्ट दिसतो तो पुष्कळदा असा असतो : रोजचीच वाटी हवी, पोळीचा तुकडा तुम्ही का मोडला, चपला मीच घालणार. अशा वेळी तत्त्वाचा प्रश्न न करता वाटी बदलून द्यावी. रडणे सुरू होण्यापूर्वी दिलेली वाटी आणि रडण्यामुळे दिलेली वाटी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मॉन्टेसरींचे हे विचार मराठी घरांपर्यंत आणणाऱ्या ताराबाई मोडक. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केल्यानंतर त्या महाराष्ट्रात आल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९४५ पासून बोर्डीला, पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसमवेत त्यांनी खेड्यातल्या आणि आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी हा त्यांचा मार्ग. बक्षीस आणि शिक्षा या दोहोंवाचून मूल वाढवता येते, त्याच्या हातांना खरे काम दिले की त्याचा बराच संताप त्या कामात जिरतो, हे त्यांनी अतिशय गरीब वस्तीत करून दाखवले. आपल्या स्वयंपाकघरात सांडण्याच्या भीतीने तीन वर्षांच्या मुलाला कशालाच हात लावू देत नाहीत. मटार सोलायला द्यावेत, कणकेचा गोळा द्यावा, फुलपात्रातून पाणी ओतू द्यावे. सांडले तर पुसायचे फडकेही त्यालाच द्यावे.

खेळ संपवायचा असेल तर पाच मिनिटे आधी सांगावे. ‘जेवतोस का?’ असे न विचारता ‘आधी वरण-भात की आधी पोळी?’ असे विचारावे. आणि मूल शांत असताना, गोष्ट सांगता सांगता, त्याला रागाचे शब्द द्यावेत : मला राग आला, मला कंटाळा आला, माझं मला करू दे. शब्द आले की हात कमी उठतो. हे एका आठवड्यात होत नाही, एका वर्षात मात्र दिसते.

सगळेच आकांडतांडव असे वयाबरोबर सुटणारे नसते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. अँडी बेल्डन आणि जोन ल्यूबी यांनी सहकाऱ्यांसह २००८ साली तीन ते सहा वर्षे वयाच्या २७९ मुलांच्या अभ्यासातून काही धोक्याच्या खुणा नोंदवल्या. मूल बहुतेक वेळा माणसांवर हल्ला करते किंवा वस्तूंची मोडतोड करते. डोके आपटून, स्वतःला चावून इजा करून घेते. एकेक प्रसंग सरासरी पंचवीस मिनिटांहून अधिक चालतो. महिन्यात दहा-वीस दिवस असे प्रसंग घडतात, किंवा अनेक दिवशी पाचाहून अधिक वेळा. आणि कोणी शांत केल्यावाचून ते शांत होऊच शकत नाही. यांपैकी काही दिसत असेल तर ‘मोठा झाला की सुटेल’ म्हणत बसू नये. बोलणे उशिरा आले असेल, हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर ऐकू येते की नाही याची तपासणी आधी करावी. ज्याला ऐकू येत नाही त्याला आपण वर्षभर हट्टी म्हणत राहतो, असे घडते. रडता रडता श्वास कोंडून ओठ निळे पडणारी, क्षणभर शुद्ध हरपणारी मुलेही असतात. तो प्रकार पाहायला भयंकर असला तरी बहुधा निरुपद्रवी असतो. मात्र त्याचा लोहाच्या कमतरतेशी संबंध आढळला आहे, म्हणून डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात पाच वर्षांखालील ६७ टक्के मुलांत रक्ताची कमतरता आहे. खाऊन-पिऊन सुखी घरांनी स्वतःला यातून वगळू नये.

दाखवायचे कोठे? प्रथम जवळच्या बालरोगतज्ज्ञांना. खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ साली त्याचा आरंभ आपल्याच राज्यात पालघर येथून झाला. त्याची पथके अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा तपासतात, आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. त्यासाठी मुलाचे नाव अंगणवाडीत असले पाहिजे. ‘आमची मुले अंगणवाडीत जात नाहीत’ हा काही घरांचा अभिमान येथे आड येतो.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन आठवडे एक वही ठेवावी. तारीख, वेळ, जागा, त्याआधी काय झाले होते, मूल शेवटचे कधी जेवले आणि झोपले होते, किती मिनिटे चालले, त्याने काय केले. आणि शेवटच्या रकान्यात त्या वेळी घरातले कोण कोण हजर होते व कोणी काय दिले. ही वही आईने एकटीने लिहू नये. ज्या दिवशी आजी जवळ असेल त्या दिवशी आजीने लिहावे, आजोबांनी खिशातून जे काढले ते आजोबांनी स्वतःच्या अक्षरात मांडावे. पत्र पाठवणाऱ्या भगिनींना मी तेच कळवले आहे, आणि रकाने आखलेला एक कागद सोबत जोडला आहे. तो आजेसासूबाईंना आधी दाखवा, असेही लिहिले आहे.